वारा, वजन आणि वेळापत्रक



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘एका लहान विमानाचा अपघात’ असे कळविले. त्यावर त्यांची पृच्छा आली की, कामगार चळवळीतल्या माणसाकडून लोक महागाईवर, बोनसवर किंवा संपावर ऐकू इच्छितात. विमानाशी तुमचे नाते काय? शंका रास्त आहे. आम्ही वैमानिक नाही आणि यंत्रशास्त्राचे पदवीधरही नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या दारात. परंतु गेली तीस वर्षे अपघातांच्या चौकशीत कामगाराच्या बाजूने बसण्याचे काम आमच्याकडे आहे. त्यामुळे चौकशीचे अहवाल वाचण्याची सवय जडली, आणि ती सवय आपल्या गावापुरती व आपल्या देशापुरती राहिली नाही. असाच एक अहवाल आज आपल्यापुढे उलगडून ठेवावयाचा आहे. त्यातले विमान परदेशी, माणसे परदेशी. पण त्यात जे घडले ते आपल्या ओळखीचे आहे की नाही, हे शेवटी आपणच ठरवावे.

हा अपघात ११ एप्रिल १९९६ रोजी सकाळी अमेरिकेतील वायोमिंग राज्यात, शायेन या शहरी घडला. जेसिका डुब्रॉफ नावाची एक मुलगी होती. वय वर्षे सात. पुढच्याच महिन्यात तिला आठवे पूर्ण व्हावयाचे होते. ती विमान चालविण्याचे धडे घेत होती. तिच्या वडिलांच्या मनात आले की, या वयात तिने अमेरिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत विमानाने ओलांडावा. पॅसिफिक किनाऱ्यावरील हाफ मून बे येथून निघावयाचे, अटलांटिक किनाऱ्यावरील फाल्मथला जावयाचे आणि परत यावयाचे. मुदत आठ दिवस. विमान सेसना कंपनीचे, एका इंजिनाचे, चार आसनांचे. पुढे डावीकडे जेसिका, उजवीकडे तिचे शिक्षक, आणि मागे वडील. मुलीचे पाय पायट्यांपर्यंत पोहोचत नसत म्हणून पायट्यांना जोड दिले होते आणि बाहेरचे दिसावे म्हणून खाली उंच बैठक होती.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. अमेरिकेच्या कायद्याने सोळा वर्षांखालील मुलाला शिकाऊ वैमानिकाचा दाखलाही मिळत नाही, आणि खाजगी वैमानिकाचा परवाना सतराव्या वर्षी मिळतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ही मुलगी केवळ प्रवासी होती. विमानाची सर्व जबाबदारी शेजारी बसलेल्या शिक्षकाची. ते बावन्न वर्षांचे परवानाधारक वैमानिक होते. ‘सर्वांत लहान वैमानिक’ असा विक्रम नोंदविणे गिनेस बुकवाल्यांनी काही वर्षांपूर्वीच बंद केले होते, कारण अशा नोंदी धोक्याला उत्तेजन देतात हे त्यांच्या ध्यानात आले होते. तेव्हा विक्रमाच्या वहीत नाव लागणार नव्हतेच. राहिली ती प्रसिद्धी. तिची मात्र वाण नव्हती. वार्ताहर ठिकठिकाणी उभे होते, मुलाखती आधीच ठरल्या होत्या, आणि एका मोठ्या दूरचित्रवाणी संस्थेने विमानातली दृश्ये टिपण्यासाठी वडिलांच्या हाती कॅमेरा दिला होता.

१० एप्रिलला प्रवास सुरू झाला. नेव्हाडातील एल्को, मग वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज असे थांबे घेत दिवसभराच्या उड्डाणानंतर संध्याकाळी मंडळी शायेनला पोहोचली. तेथे स्वागत झाले, मुलाखती झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे लिंकन या शहरी जावयाचे होते. सकाळी हवा बिघडली होती. विजांचे वादळ विमानतळाकडे सरकत होते. पाऊस सुरू झाला होता. वारा झोतांनी वाहत होता. आठ वाजून चोवीस मिनिटांनी विमानाने धावपट्टी सोडली. पाहणाऱ्यांनी सांगितले की, ते नाक वर करून, पंख डुलवीत, अगदी सावकाश चढले. उजवीकडे वळू लागले. काही शे फुटांवर गेले. आणि तेथून जवळजवळ सरळ खाली एका वस्तीच्या रस्त्यावर कोसळले. तिघेही जागीच गेले. रस्त्यावरचे कोणी दगावले नाही, एवढेच त्यात समाधान.

आता हे का घडले? कामगारांच्या सभेत आम्ही नेहमी सांगतो की, यंत्र समजल्याशिवाय अपघात समजत नाही आणि अपघात समजल्याशिवाय न्याय मागता येत नाही. म्हणून थोडे यंत्राविषयी बोलू.

विमान जमिनीच्या आधाराने उडत नाही, हवेच्या आधाराने उडते. पंखावरून हवा पुरेशा वेगाने वाहिली तर उचल मिळते. विमान जमिनीवरून किती वेगाने पळते याला महत्त्व नाही. पंखावरून हवा किती वेगाने वाहते याला महत्त्व आहे. म्हणून वैमानिक वाऱ्याला तोंड देऊन उड्डाण करतात. पतंग उडविणारा मुलगा हेच करतो. वाऱ्याकडे पाठ करून पळणाऱ्याचा पतंग चढत नाही. वारा समोरून आला तर जमिनीवरचा वेग कमी असूनही पंखाला हवा मिळते. वारा पाठीमागून आला तर उलट. जमीन झपाट्याने मागे पळताना दिसते आणि पंख मात्र उपाशी असतो.

तिसरा प्रकार आडव्या वाऱ्याचा. घाटातून सायकल हाकणाऱ्याला तो ठाऊक असतो. डोंगराची आड संपते आणि खिंडीतून अचानक बाजूने झोत येतो. हँडल घट्ट धरले तरी सायकल रस्त्याच्या कडेला सरकते. विमानाचेही तसेच होते. आडवा वारा विमानाला धावपट्टीवरून बाजूला ढकलतो, वाऱ्याकडचा पंख उचलू पाहतो, आणि नाक वाऱ्याकडे वळवू पाहतो. वैमानिकाला एका हाताने पंख दाबून धरावा लागतो आणि पायांनी सुकाणू सावरावे लागते. वारा एकसारखा असेल तर हे शिकलेल्या माणसाला अवघड नाही. वारा झोतांचा असेल तर मात्र दर क्षणाला नवा हिशेब मांडावा लागतो.

शायेनची त्या दिवसाची धावपट्टी होती क्रमांक ३०. म्हणजे होकायंत्राच्या ३०० अंशांकडे, वायव्येच्या बाजूला. वारा होता २८० अंशांकडून, २० नॉटचा, आणि झोत ३० नॉटपर्यंत. आपल्या हिशेबाने ताशी ३७ किलोमीटर आणि ५५ किलोमीटर. नाकाच्या डावीकडे वीस अंश. वीस अंशांच्या कोनात वाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग आडवा पडतो. म्हणजे सात ते दहा नॉट. कागदावर हा आकडा काही भयंकर नाही. परंतु वादळाच्या तोंडाशी वारा कागदाप्रमाणे वाहत नाही. त्यांच्या थोडेच आधी उड्डाण केलेल्या एका दोन इंजिनांच्या विमानाच्या वैमानिकाने मनोऱ्याला कळविले होते की, वर गेल्यावर वेग पंधरा नॉटांनी एकदम वाढतो आणि एकदम घटतो आहे. ही सूचना मनोऱ्याने जेसिकाच्या विमानालाही दिली होती.

आता ‘स्टॉल’ नावाची एक गोष्ट. पंखाला ठराविक वेगाखाली उचल मिळत नाही. वेग घटला की वैमानिक नाक वर करून उचल राखू पाहतो. एका मर्यादेपलीकडे नाक वर गेले की पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल एकाएकी तुटते. इंजिन चालू असते, पंखे फिरत असतात, आणि विमान दगडासारखे पडते. उंचावर असेल तर नाक खाली करून वेग मिळविता येतो. काही शे फुटांवर त्याला वाव नसतो. लहान विमानाचा चढतानाचा वेग आणि हा घातक वेग यांमध्ये अंतर मुळात थोडे असते. त्या थोड्या अंतरातून झोत एका क्षणात पंधरा नॉट काढून नेऊ लागला, तर उरले काय?

आणखी दोन गोष्टी त्याच तराजूत घाला. पहिली वजनाची. या विमानाची परवानगीची कमाल मर्यादा २,५०० पौंड. उड्डाणाच्या वेळी ते ९६ पौंड जड होते. म्हणजे सुमारे ४४ किलो. तांदळाची एक लहान गोणी म्हणा ना. दुसरी गोष्ट उंचीची. शायेनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ६,१५६ फुटांवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट. म्हणजे तेथली धावपट्टीच कळसूबाईहून सातशे फूट वर. अशा उंचीवर हवा विरळ असते. विरळ हवेत पंखाला आधार कमी, पंख्याला पकड कमी आणि इंजिनाला श्वास कमी. त्या दिवशीच्या तापमानाला ती हवा सुमारे ६,६७० फुटांवरच्या हवेसारखी वागत होती. आणि शिक्षकांचा नित्याचा सराव होता समुद्रकाठच्या तळावरचा.

मग उजवीकडचे वळण. वादळ चुकवून पूर्वेकडे निसटावयाचे म्हणून विमान वळू लागले. वळता वळता समोरचा वारा आधी आडवा झाला आणि मग पाठीमागचा होऊ लागला. पावसाने बाहेरचे नीट दिसेना. अशा वेळी खालची जमीन वेगाने पळताना दिसली, तर आपला वेग पुरेसा आहे असा भास होतो, आणि चढ कमी वाटला तर हात आपोआप नाक वर घेतो. नाक वर गेले, वेग घटला, पंख सुटला. चौकशी मंडळाने ही शक्यता नमूद केली आहे.

यांपैकी एकटे वजन विमानाला खाली आणीत नव्हते. एकटी उंची आणीत नव्हती. एकटा आडवा वारासुद्धा नाही. शेकडो वैमानिक रोज त्याला तोंड देतात. प्रत्येक गोष्ट ‘चालवून घेण्याजोगी’ होती. मित्रहो, हा शब्द आम्ही कारखान्यात फार ऐकला आहे. पट्टा थोडा झिजला आहे, चालवून घ्या. दिवा एक गेला आहे, चालवून घ्या. माणूस एक कमी आहे, आजच्या दिवस चालवून घ्या. चालवून घेतलेल्या गोष्टी एकमेकींना ओळखत नसतात; एक दिवस त्या एकाच जागी भेटतात, आणि त्या जागी कोणीतरी उभा असतो.

अमेरिकेत विमान अपघातांची चौकशी राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ करते. हे मंडळ विमाने बनविणाऱ्यांचे नव्हे, चालविणाऱ्यांचे नव्हे, आणि नियम करणाऱ्या खात्याचेही नव्हे. या मंडळाने आपला निष्कर्ष दिला. संभाव्य कारण असे की, हवा बिघडत असता, विमान जड असता, आणि सवयीपेक्षा विरळ हवेत, वैमानिकाने उड्डाणाचा चुकीचा निर्णय घेतला, आणि वेग न राखल्याने स्टॉल झाला. विमान शेवटच्या क्षणी मुलगी नव्हे तर शिक्षकच चालवीत होते असेही त्यांनी ठरविले. पण मंडळ येथे थांबले नाही. त्या निर्णयाला हातभार लावणारी गोष्ट म्हणून त्यांनी लिहिले की, अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळण्याची इच्छा त्यामागे होती, आणि ती इच्छा काही अंशी वृत्तसंस्थांना दिलेल्या शब्दांमुळे होती.

आम्ही हा अहवाल जेथे प्रथम मिटला आणि पुन्हा उघडला ते हे वाक्य. वेळापत्रक हे अपघाताचे कारण म्हणून सरकारी कागदावर लिहिले गेले आहे! आमच्या तीस वर्षांत आम्ही असे वाक्य मिळावे म्हणून किती अर्ज केले असतील!

आमच्या भागातल्या एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, दाबयंत्रावर पत्र्याचे भाग कापीत असत. यंत्रापुढे जाळीचे संरक्षक होते. जाळी असली की हात आत जात नाही, पण नग थोडे कमी निघतात. एका महिन्यात मोठी मागणी आली आणि जाळ्या उतरल्या. उतरवा असे लेखी कोणी सांगितले नाही. ‘माल शनिवारी गाडीत चढला पाहिजे’ एवढेच सांगितले. शुक्रवारी रात्रपाळीला एका पोराची दोन बोटे गेली. चौकशीच्या कागदावर एकच ओळ आली : कामगाराचा निष्काळजीपणा. त्या ओळीत शनिवार नव्हता, गाडी नव्हती, मागणी नव्हती. शेवटचा हात ज्याचा, दोष त्याचा, असा त्या लिखाणाचा न्याय. म्हणून शायेनचा अहवाल आम्हांस मोलाचा वाटतो. त्याने शेवटचा हातही दाखविला आणि त्या हातामागची घाईही दाखविली.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेच : तुमचा कामगार गरीब, दबलेला; हा शिक्षक तर विमानाचा कप्तान होता. अमेरिकेच्या नियमानेच उड्डाणाचा अंतिम अधिकार त्याच्याकडे होता. त्याला ‘आज नाही’ म्हणण्यापासून कोणी अडविले? प्रश्न बिनतोड आहे, आणि आम्ही त्याला बगल देणार नाही. त्याची जबाबदारी होतीच, आणि मंडळाने ती त्याच्यावर ठेवली ते योग्यच केले. एक मुलगी त्याच्या भरवशावर बसली होती.

पण त्या सकाळी ‘थांबा’ असे सांगणारे किती होते ते पाहा. स्थानिक नभोवाणी केंद्रावरच्या एका बाईंनी त्यांना आपल्याकडे मुक्काम करा असे सुचविले होते. वडिलांनी वादळाच्या आधी निघावयाचे आहे म्हणून नकार दिला. मनोऱ्याने सांगितले की, दृष्टीच्या भरवशावर उडण्याजोगी हवा आता उरलेली नाही. वैमानिकाने खास परवानगी मागितली आणि नियमात बसते म्हणून ती मिळाली. पुढे गेलेल्या वैमानिकाने झोतांचा इशारा दिला; तो ऐकला गेला. तीन इशारे, आणि तिन्ही सल्ल्याच्या दर्जाचे. सल्ल्याला विमान थांबविण्याचा अधिकार नसतो. अधिकार एकाच माणसाकडे होता; आणि तो माणूस मोबदला घेऊन आलेला होता, ज्याने बोलाविले तो मागे कॅमेरा घेऊन बसला होता, आणि पुढच्या गावी लोक वाट पाहत होते. कायद्याने त्याला अधिकार दिला होता. त्या अधिकारामागे उभे राहणारे मात्र कोणी नव्हते. एकट्या माणसाजवळचा अधिकार वेळापत्रकापुढे फार लवकर वाकतो. हे आम्ही त्याच्या समर्थनार्थ सांगत नाही. पुढचा माणूस वाकू नये म्हणून काय करावे याचा शोध घ्यावयाचा म्हणून सांगतो.

अपघातानंतर अमेरिकेत संतापाची लाट आली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कायदा झाला. विक्रमासाठी, स्पर्धेसाठी किंवा असल्या पराक्रमासाठी उडणाऱ्या, परवाना नसलेल्या माणसाच्या हाती वैमानिकाने सुकाणू देऊ नये असे त्या कायद्याने ठरविले. कायदा चांगलाच आहे. मुलांच्या जिवावर नाव कमावण्याची वाट त्याने बंद केली. परंतु मंडळाच्याच म्हणण्याप्रमाणे पडत्या विमानाचे सुकाणू मुलीच्या हाती नव्हते. मुलगी त्यात नसती आणि शिक्षकाला दुपारच्या एखाद्या मोठ्या कामासाठी पोहोचावयाचे असते, तरी तेच वजन, तीच हवा आणि तोच वारा होता. कायद्याने वय पाहिले; घाई तशीच राहिली. वयाला कलम लावता येते, घाईला लावणे कठीण.

कठीण म्हटले, अशक्य म्हटले नाही. कारण त्याच अमेरिकेत, त्याच धंद्यात, घाईला लगाम घालण्याचा प्रयत्न फार जुना आहे. आणि तो कोणी केला हे सांगितल्यावर आम्ही हा विषय का निवडला ते आपल्या ध्यानात येईल.

अमेरिकेच्या टपाल खात्याने १९१८ साली विमानाने टपाल नेण्यास सुरुवात केली. विमाने उघडी, यंत्रे कच्ची, हवेचा अंदाज म्हणजे खिडकीतून पाहणे. खात्याच्या वरिष्ठांचा आग्रह असा की, टपाल वेळेवर निघालेच पाहिजे. १९१९ च्या जुलैत न्यूयॉर्कजवळच्या बेलमॉन्ट पार्क तळावर दाट धुके होते. लिऑन स्मिथ आणि हॅमिल्टन ली या दोघा वैमानिकांनी उडण्यास नकार दिला. खात्याने दोघांना बडतर्फ केले. तेव्हा बाकीच्या वैमानिकांनी संप केला. संप काही दिवसच चालला. पण देशभर बोभाटा झाला. तडजोड झाली ती ऐकण्यासारखी आहे. उडावे की न उडावे असा वाद पडला, तर निर्णय त्या तळाच्या व्यवस्थापकाने द्यावा. मात्र तो स्वतः वैमानिक नसेल, तर त्याने विमानात चढून हवेची परीक्षा घ्यावी. म्हणजे दुसऱ्याला ‘जा’ म्हणणाऱ्याने आधी आपण बसून पाहावे! ली यांना कामावर परत घेतले गेले, स्मिथ यांना घेतले गेले नाही. प्रत्येक संपाचा हिशेब असाच असतो. सर्वांना मिळते, आणि एखादा किंमत भरतो. धुक्यात न उडणारे हे हॅमिल्टन ली पुढे शंभरी ओलांडून जगले.

पुढे १९३१ साली अमेरिकेतील वैमानिकांनी आपली संघटना स्थापिली. तिने ब्रीद घेतले त्याचा मराठीत अर्थ असा : वेळापत्रक, पण सुरक्षिततेसह. आम्हांस या ब्रीदातला समंजसपणा फार आवडतो. वेळापत्रक नको असे ते म्हणत नाहीत. गाडी वेळेवर सुटावी, माल वेळेवर जावा, पगार वेळेवर व्हावा, हे कोणाला नको आहे? त्यांचे म्हणणे इतकेच की, दोघांत भांडण झाले तर कोणी मागे सरावे हे आधी ठरवून ठेवा. भांडणाच्या वेळी ठरवू म्हणाल तर वेळापत्रकच जिंकते, कारण त्याचा काटा डोळ्यांपुढे असतो आणि धोका ढगात असतो.

आज अमेरिकेतील मोठ्या प्रवासी कंपन्यांचे विमान एकट्या कप्तानाच्या मर्जीने सुटत नाही. जमिनीवर एक परवानाधारक अधिकारी असतो. हवा, वजन, इंधन तो तपासतो. दोघांची संमती असेल तरच उड्डाण. दोघांपैकी एकाने ‘नाही’ म्हटले तर नाही. शायेनच्या लहान खाजगी विमानाला असा दुसरा माणूस नव्हता. एका ‘हो’ला दोन सह्या आणि ‘नाही’ला एकच सही पुरे, ही व्यवस्था आम्हांस सर्व धंद्यांत हवी आहे.

आपल्याकडे काय आहे? १९८४ साली भोपाळला जे घडले त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यातील कामगाराला, जिवावरचा धोका समोर दिसत असेल तर तो व्यवस्थापकाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क ४१-एच या कलमाने मिळाला. पाऊल पुढचे होते, यात शंका नाही. पण शब्द नीट वाचा. हक्क होता तो इशारा देण्याचा. शायेनला इशारे तीन होते. त्याआधीच १९८१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या १५५ व्या करारात म्हटले होते की, जिवाला तत्काळ व गंभीर धोका आहे असे सकारण वाटून जो कामगार कामावरून बाजूला होतो, त्याला त्याबद्दल शासन होता कामा नये. इशारा देणे आणि बाजूला होणे, या दोहोंत जिवाइतके अंतर आहे.

आणि बंधुभगिनींनो, हे केवळ कारखान्यापुरते आहे असे समजू नका. मुलांची सहल पावसात घाटाने न्यावयाची असते, चालक रात्रभर जागलेला असतो, पण हॉटेलचे पैसे भरलेले असतात. होडीत वीस माणसांची जागा असते, तिसावा म्हणतो लग्नघटका चुकेल. तेथे ‘आज नको’ म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो? भित्रा म्हणतो, रसभंग करणारा म्हणतो. आपण ज्याला भित्रा म्हणतो तो पुष्कळदा त्या जागेवरचा एकटाच शहाणा असतो. आणि आपण सर्वांनी मिळून त्याला गप्प बसविलेले असते.

तेव्हा आमच्या मागण्या सांगून आटोपते घेतो. मागणी केल्याशिवाय बसलो तर आमचे सोबती आम्हांस ओळखणार नाहीत. पहिली : मर्यादा आधी लिहा. किती वारा, किती वजन, किती तास जागरण, हे शांत डोक्याने, आदल्या दिवशी, कागदावर उतरवा. दुसऱ्या दिवशी त्याच्याशी घासाघीस नको. दुसरी : ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या मागे दुसरा माणूस उभा करा; संघटना असो, समिती असो, शेजारी असो. तिसरी : ‘नाही’ म्हटल्याबद्दल कोणाचा पगार कापू नका आणि कोणाची थट्टा करू नका. आणि चौथी : अपघात झाला तर ‘हात कोणाचा होता’ एवढे विचारून कागद बंद करू नका, ‘घाई कोणाची होती’ हेही विचारा, आणि उत्तर लिहून ठेवा.

त्या सकाळी शायेनच्या वादळाला कोणाचेच वैर नव्हते. वादळे येतात आणि निघून जातात. विमाने दोरखंडांनी बांधून ठेवली की ती उभी राहतात, आणि हवा निवळली की उडतात. लिंकनला जमलेल्या लोकांना एक दिवस थांबावे लागले असते. वर्तमानपत्रात एक ओळ कमी आली असती. सात वर्षांच्या मुलीने खिडकीतून पाऊस पाहिला असता, आणि मे महिन्यात तिला आठवे वर्ष पुरे झाले असते.